शेवटच्या खिळ्यावरचा काळा बिल्ला

संत तुकाराम नगर, पिंपरी
४ ऑगस्ट २०२४

मामा, नमस्कार करते.

तुमच्या फोनवर माझे मेसेज नुसत्या चौकटी होऊन उमटतात. बोलायचं म्हटलं तर मी "जेवलात का?" विचारते आणि तुम्ही "मंगळवारी" असं उत्तर देता. काल रंभामामींनीच मला सांगितलं, "अगं, त्यांना कागद पाठव. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये कान घालवलेत, डोळे अजून शाबूत आहेत." म्हणून हे पत्र. आणि मला खरोखर तुमची मदत हवी आहे.

आई सगळ्यांना सांगते की विजू कॉम्प्युटरवर असते. नेमकं काय करते ते तिला सांगता येत नाही आणि मलाही घरात नीट सांगता आलेलं नाही. तुम्हाला सांगून बघते. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या भागांची गणितं करतात. एखादी पट्टी किती वाकेल, दरवाजावर धडक बसली तर काय होईल, हे खरा भाग बनवण्याआधी कॉम्प्युटरवर बघतात. एका कॉम्प्युटरला जे गणित महिनाभर पुरेल, ते चाळीस कॉम्प्युटरना वाटून दिलं तर दिवसात होतं. अशी चाळीस मशीनं एका थंड खोलीत रांगेनं उभी आहेत. इंजिनियर लोक आपापलं काम पाठवतात आणि सोबत सांगतात, मला इतकी मशीनं हवीत, इतके तास हवेत. कुणाचं काम कधी, कुठल्या मशीनवर जाईल हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो. त्या प्रोग्रामला नियम घालून देणं हे गेल्या महिन्यापासून माझं काम आहे.

आत्तापर्यंत साधा नियम होता, जो आधी आला तो आधी. पण पुढच्याला तीस मशीनं हवी असतील आणि पंचवीसच मोकळी असतील, तर ती पंचवीस तशीच बसून राहतात आणि मागची सगळी रांग खोळंबते. इंजिनियर चिडतात. आमचे शेखर सर म्हणाले, "विजयश्री, तू हुशार आहेस, काहीतरी डोकं लाव."

मला एकदम तुमचा बोर्ड आठवला. मी लहान असताना अण्णांचा डबा द्यायला आईबरोबर कंपनीच्या गेटवर यायचे, तेव्हा तुमच्या केबिनच्या खिडकीतून तो हिरवा बोर्ड दिसायचा. पत्रा दाबायच्या चौदा प्रेस आणि शेकडो कामं. तुम्ही कसं ठरवत होता?

अण्णांच्या हाताबद्दल घरात एकच गोष्ट सांगतात, की सलग दुसऱ्या शिफ्टला उभे होते, डोळा लागला, हात आत गेला. अण्णा त्यावर काही बोलत नाहीत. म्हणून कारखान्यातलं त्यांना विचारायला मला अवघड वाटतं. तुम्हाला विचारते.

तुमची
विजू


देवळाली, ता. भूम
१३ ऑगस्ट २०२४

विजू बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग रंभाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इतकी शिकलेली पोर तुम्हाला विचारते, जरा नीट लिहा." म्हणून वहीत आधी कच्चं लिहून मग हे उतरवतोय.

बोर्ड प्लायवूडचा होता. चौदा ओळी, दर ओळीला दहा खिळे. एकेका कामाचा एकेक पत्र्याचा बिल्ला. पांढरा म्हणजे लहान काम, पिवळा म्हणजे मोठं, लाल म्हणजे साहेबांनी ओरडून सांगितलेलं. बिल्ला पहिल्या खिळ्यावर आला की काम प्रेसवर चढायचं. झालं की बिल्ला डावीकडच्या एका वेगळ्या खिळ्यावर टांगायचा, तो झालेल्या कामाचा खिळा.

आता गुपित ऐक. मोठ्या कामाची डाय, म्हणजे साचा, चढवायला दोन-तीन तास जातात. तोवर शेजारची प्रेस मोकळी असेल तर तिला गप्प बसू द्यायचं नाही. मागच्या खिळ्यांवरून एक पांढरा बिल्ला उचलायचा आणि त्या फटीत घालायचा. लहान काम पटकन होतं, माणूस खूश होतो, मशीन चालू राहतं. लहान आधी, फट रिकामी नको. या दोन गोष्टींवर मी तीस वर्षं काढली. आमचे मोठे साहेब पाहुण्यांना म्हणायचे, "आबाजीच्या बोर्डावर एक रिकामी प्रेस दाखवा, चहा माझ्याकडून." कुणाला कधी चहा मिळाला नाही.

तुझ्याकडेही हेच कर. मशीन कुठलंही असो, रिकामं बसलं की माणसासारखंच बिघडतं.

दाजींचं म्हणशील तर ते नशीब होतं. दुसऱ्या शिफ्टला झोप कुणाला सुटली आहे? त्यांच्यापुढे तो विषय काढू नकोस.

आबाजीमामा


संत तुकाराम नगर
२९ ऑगस्ट २०२४

मामा,

तुमचे दोन्ही नियम लागू केले. आता लहान काम आधी जातं, आणि मोकळ्या फटीत जे बसेल ते प्रोग्राम आपोआप भरतो. सरासरी वाट बघणं नऊ तासांवरून दोन तासांवर आलं. मशीनं चौऱ्याण्णव टक्के वेळ कामात आहेत, आधी बासष्ट टक्के होती. शेखर सरांनी सगळ्यांसमोर आकडे पडद्यावर दाखवले आणि म्हणाले, "ही पोरगी बघा, कुठल्या पुस्तकातून शिकली विचारा." मी म्हणाले, "प्रेस शॉपमधून." लोक हसले, पण मी खरंच सांगत होते.

एक गोष्ट मी माझ्या मनानं केली. प्रत्येकानं काम पाठवताना तास सांगायचे असतात आणि सांगितलेले तास संपले की प्रोग्राम काम तोडतो. कुणाचं चाललेलं काम मध्येच तोडणं मला बरं वाटलं नाही. म्हणून मी ती तोड काढून टाकली. थोडा जास्त वेळ लागला तर लागू दे. माणसांवर विश्वास ठेवला की माणसं नीट वागतात, असं मला वाटतं.

मला फार आनंद झाला आहे, मामा. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवी घेतली, पण ती घेऊन मी कुणाच्या उपयोगी पडेन का, ही शंका मला सारखी असायची. आता रोज चाळीस-पन्नास लोकांचा वेळ वाचतो. न्याय म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

फक्त एक काम अडकलं आहे. आलिया मुलाणी म्हणून माझी मैत्रीण आहे, तिचे वडील नवाबभाई यांचं चाकणला गॅरेज आहे. आम्ही दोघी एकाच बसनं जातो. तिला एकदम बत्तीस मशीनं हवीत, तेही सत्तर तास. बत्तीस एका वेळी मोकळी होतच नाहीत. चार मोकळी झाली की फट दिसते, आणि तुमचा नियम त्यात लहान काम घालतो. बारा दिवस झाले. ती काही म्हणत नाही. तुमच्याकडे असं मोठं काम मागे पडत राहिलं, तर तुम्ही काय करायचात?

विजू


देवळाली
७ सप्टेंबर २०२४

विजू,

तुझं यश वाचून बरं वाटलं. सोयाबीन काढायला आलं आहे, माणसं मिळत नाहीत. उजव्या कानातली शिट्टी आता दिवसभर वाजते.

मोठ्या कामाचं काय विचारतेस? मोठी कामं थांबतात, ती ओरडत नाहीत. लहान कामाचा माणूस दर तासाला दारात येतो. सवड झाली की मोठं लागतं. तुझ्या सरांना विचार, मी जुन्या काळचा माणूस, मला यातलं आता फारसं आठवत नाही.

तब्येत जप.

आबाजीमामा


संत तुकाराम नगर
१५ सप्टेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र इतकं लहान होतं की मी पाकीट उलटं करून झटकलं. रागावला नसाल ना? रागावला असलात तरी मला विचारायचंच आहे, कारण दुसरं कुणी नाही.

आलियाचं काम नेमकं काय आहे ते मी तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. माझ्यासाठी ते रांगेतलं एक नाव आणि बत्तीसचा आकडा होता. परवा मोशीच्या पुढे बस तासभर अडकली होती, कांद्याचे ट्रक चाकण मार्केटपर्यंत लागले होते, तेव्हा मी विचारलं.

ती बसच्या खिडकीजवळच्या उभ्या खांबावर हात ठेवून म्हणाली, "हे."

"हे म्हणजे?"

"हा खांब. कामगारांच्या नव्या बसचा सांगाडा बनतोय, नळी पातळ केली आहे. बस उलटली तर छत या खांबांवर उभं राहतं. लहान लहान तुकड्यांची गणितं झाली, सगळी पास. पण मला जोडावर शंका आहे, आणि जोड कसा वागेल ते पूर्ण बस एकदम घेतल्याशिवाय कळत नाही. बत्तीस मशीनं त्यासाठी मागितली आहेत. तीस तारखेला दुपारी नकाशे पक्के होणार. तोवर माझं उत्तर आलं नाही तर जुन्या उत्तरावर सही होईल."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती हसली. "सांगितलं असतं तर म्हणाले असते, मैत्रीण आहे म्हणून आधी घेतलं. तुझ्यावरच आलं असतं. आणि तुझे नियम चांगले आहेत असं सगळेच म्हणत होते, विजू. मलाही वाटलं, माझंच काम अवघड जागी बसलंय."

बसमध्ये त्या वेळी पन्नासेक माणसं झोपलेली होती, डोकी काचेला लावून.

कंपनीत आल्यावर मी रांग पहिल्यांदा नीट वाचली. मामा, लोक खोटे तास लिहितात. लहान काम आधी जातं हे कळल्यापासून सहा तासांच्या कामाला दोन तास लिहितात. मी तोड काढून टाकली आहे, त्यामुळे कुणाचंच काही अडत नाही. एकानं तर एका कामाचे अकरा तुकडे करून पाठवले होते. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नियम तुमचाच आहे." त्यानं नियम मोडला नव्हता, हे खरंच.

मी आलियासाठी जागा राखायला सुरुवात केली. म्हणजे जसं मशीन मोकळं होईल तसं तिच्यासाठी बाजूला ठेवायचं, बत्तीस जमेपर्यंत. अठरा जमली. शेखर सर आले. "अठरा मशीनं रिकामी? वरच्यांना मी चौऱ्याण्णव दाखवलेत." मी बसचं सांगितलं. ते म्हणाले, "हे बघ, तिचं काम जाईल की. सवड झाली की जाईल." आणि राखलेली जागा उठवली. तुमच्या पत्रातलाच शब्द होता, म्हणून मला जास्त लागलं.

काल अण्णांना मी पहिल्यांदा विचारलं. रावेतच्या सोसायटीत त्यांची वॉचमनची ड्यूटी होती, तिथे गेटवर डबा घेऊन गेले होते. विषय काढू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, तरी काढला. हाताचा नाही, फक्त बोर्डाचा. मोठं काम मागे पडलं तर मामा काय करायचे? अण्णांनी एका गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिला, डाव्या हातानं सावकाश लिहितात, मग म्हणाले, "तुझ्या मामाच्या बोर्डावर एक काळा बिल्ला असायचा. तो कशाचा होता विचार त्याला."

तुम्ही मला पांढरा, पिवळा आणि लाल लिहिलं होतं. काळा लिहायचा राहिला बहुतेक. मोठ्या कामांची काहीतरी खास युक्ती असेल त्याच्यात. ती मला सांगा. पंधरा दिवस उरले आहेत.

विजू


देवळाली
२१ सप्टेंबर २०२४

विजयश्री,

काळा बिल्ला लिहायचा राहिला नव्हता. मी लिहिला नाही.

काळा म्हणजे मशीन बंद ठेवून दुरुस्ती. तो बिल्ला ज्या ओळीत असेल ती प्रेस एक अख्खा दिवस थांबवायची, असा नियम होता. त्या दिवशी त्या प्रेसवर काही निघत नाही. कुणी दारात येऊन म्हणत नाही की माझी दुरुस्ती कधी. दुरुस्तीला तोंड नसतं.

सात नंबरच्या प्रेसला पुढे जाळीचं फाटक होतं. ते लागल्याशिवाय प्रेस खाली यायला नको. त्याचा खटका अडकायला लागला होता. कधी कधी फाटक उघडं असतानाही प्रेस खाली यायची. दुरुस्तीवाल्यानं लिहून दिलं, मी काळा बिल्ला सातच्या ओळीत लावला. शेवटच्या खिळ्यावर. उद्या पुढे सरकवू म्हणून. दुसऱ्या दिवशी एक पांढरं काम आलं, दोन तासांचं. मग एक लाल. मग दोन पांढरी. प्रत्येक काम लहान होतं. एकेक बघितलं तर मी काहीच चूक केली नाही. तेवीस दिवस काळा शेवटच्या खिळ्यावर राहिला. माझा आकडा त्या महिन्यात सगळ्यात चांगला होता.

चोविसाव्या दिवशी सातवर दाजी होते. दुपारची वेळ होती. आरडाओरड झाली, मी धावलो. त्यांना गाडीत घातलं. गाडी गेटबाहेर गेली आणि मी परत केबिनमध्ये आलो. तो काळा बिल्ला मी शेवटच्या खिळ्यावरून काढला आणि झालेल्या कामाच्या खिळ्यावर टांगला. रजिस्टरमध्ये चार दिवस आधीची तारीख घालून लिहिलं, दुरुस्ती झाली. कुणी सांगितलं नव्हतं. माझा हात आपोआप गेला.

मग चौकशी झाली. फाटक दुरुस्त होतं तर हात आत गेला कसा? सलग दुसरी शिफ्ट होती, झोप लागली असेल, हात जाळीच्या बाजूनं आत गेला असेल, असं मीच म्हणालो. सही केली. तुझ्या आईला दवाखान्याच्या जिन्यात तेच सांगितलं. ती माझी धाकटी बहीण. तिनं विश्वास ठेवला.

दाजींना त्या कंपनीत मीच लावलं होतं. सगळे म्हणायचे, आबाजी किती धीराचा, मेहुण्याच्या उशाशी पंधरा दिवस बसला. मी बसलो होतो ते दाजी काही बोलतात का ते ऐकायला. ते काही बोलले नाहीत.

तू युक्ती मागितलीस. माझ्याकडे युक्ती नाही. तुला पहिल्या पत्रात मी जे शिकवलं ते खरं आहे, त्यानं मशीन चालतं. पण त्याच्यात एक भोक आहे आणि ते मला माहीत असून मी तुला सांगितलं नाही, कारण ते सांगायला गेलो असतो तर हे सगळं सांगावं लागलं असतं. आता सांगतो. जे काम ओरडत नाही त्याचा दिवस आधी ठरव आणि त्या दिवशी मशीन रिकामं ठेव. लोक हसतील, रिकामं ठेव. खोटे तास लिहिणाऱ्याचं काम तोड, दया करू नकोस. तुझी दया दुसऱ्याच्या वेळातून जाते.

हे पत्र दाजींना दाखवायचं की नाही ते तू ठरव. पंधरा वर्षांत मला ठरवता आलं नाही.

आबाजी


देवळाली
६ ऑक्टोबर २०२४

विजू, पत्र पोचलं का? दोन ओळी पाठव. नुसतं पोचलं एवढं लिहिलंस तरी चालेल.

मामा


संत तुकाराम नगर
२० ऑक्टोबर २०२४

मामा,

पत्र पंचवीस सप्टेंबरला पोचलं. दुसरं पत्रही पोचलं. लिहायला बसले की पहिल्या ओळीवर अडत होते, तुम्हाला नमस्कार लिहावा की नाही. आज तो न लिहिता सुरुवात केली आहे.

आधी कामाचं सांगते, ते सोपं आहे.

सव्वीस तारखेला सकाळी मी आलियाच्या कामाला तारीख लावली. सत्तावीसला सकाळी नऊ वाजता सुरू म्हणजे तीसला सकाळी सातला उत्तर. त्याच्या आधी जे खात्रीनं संपेल तेवढंच काम मधल्या फटीत सोडलं. तोड परत लावली आणि सगळ्यांना लिहून कळवलं की आता लिहिलेले तास खरे धरले जातील. दुपारपर्यंत सतरा कामं तुटली. एक जण माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "काल तुम्ही किती चांगल्या होता." मी म्हणाले, "काल मी चुकत होते."

चार वाजता शेखर सर आले. पडद्यावर एकवीस मशीनं रिकामी दिसत होती.

"विजयश्री, हे काय? कोण मेलंय का?"

"अजून नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी पडद्यावरची रिकामी मशीनं पुन्हा मोजली. मग म्हणाले, "याची जबाबदारी लेखी देशील?" मी लिहून दिली. सही करताना मला तुमची ती चौकशीची सही आठवली. मी तारीख खरी घातली.

सत्तावीसला नऊ वाजता बत्तीस मशीनं एकदम उठली. त्या खोलीत पंख्यांचा आवाज इतका वाढला की आलिया माझ्या कानाशी येऊन काहीतरी बोलली आणि मला ऐकूच आलं नाही. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही.

तीसला सकाळी उत्तर आलं. आलियाला ज्या जोडाची शंका होती, तो टिकला. शेखर सर मागे उभे होते, ते म्हणाले, "बघा. उगाच." मग तिनं चित्र पुढे सरकवलं आणि थांबवलं. मागच्या दरवाजाची चौकट आत आली होती. पातळ नळी तिथे दुमडत होती आणि शेवटच्या दोन सीटांवर छत टेकत होतं. तिथे बघ असं कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी नकाशांवर सही झाली नाही. दरवाजाला पुन्हा जाड नळी येणार आहे.

त्या आठवड्यात आमचा आकडा अठ्ठावन्न टक्क्यांवर आला. मी वरिष्ठांना न विचारता सगळ्यांची कामं अडवली, असं माझ्या कागदावर लिहिलं गेलं आणि मला नोकरीत पक्कं करायचं सहा महिने पुढे ढकललं. रांगेचे नियम आता सर स्वतः बघतात. पण जितके दिवस काम थांबेल तितकं ते वर सरकत जाईल, हा मी घातलेला नवा नियम त्यांनी ठेवला आहे. काढला नाही. मी त्याबद्दल त्यांना काही विचारलं नाही.

आता दुसरं.

तुमचं पत्र मी पाच दिवस पर्समध्ये ठेवलं. आलियाच्या कामावरून मला कळलं होतं की आपण एखादं काम किती सहज मागे ठेवतो. एक्केचाळीस दिवस ते काम माझ्या डोळ्यांसमोर होतं, मामा, आणि मी रोज आकडा बघून घरी जात होते. मी बिल्ला हलवला नाही एवढाच आपल्यातला फरक, आणि तो मोठा आहे असं मला वाटतं. पण आधीचे तेवीस दिवस तुम्ही जसे वागलात, तशीच मीही वागले. म्हणून तुमचा राग आला तरी तो मला पुरता धरता येत नाही. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. हात माझा नाही.

तीस तारखेला कंपनीतून मी थेट रावेतला गेले आणि पत्र अण्णांना दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचलं. मध्ये एक गाडी आली, तिच्यासाठी फाटक उघडलं, लावलं, परत वाचायला लागले. संपल्यावर नीट घडी घातली.

मी म्हणाले, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळी मशीनवर जाताना बोर्ड बघितला होता मी. काळा शेवटी होता."

"मग बोलला का नाहीत? पंधरा वर्षं?"

"बोललो होतो," एवढंच म्हणाले आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले.

आईला अजून सांगितलेलं नाही. ते अण्णा सांगणार आहेत, त्यांनी तसं म्हटलं आहे. समाधानदादाला मात्र त्यांनी त्याच रात्री जेवताना, आई आत भाकरी करत असताना, सांगितलं. तुम्हाला ठाऊक आहे, दादा आता स्वतः प्रेसवर काम करतो. त्याचे जोडीदार चेष्टेनं म्हणतात, जागा राहा रे, तुझ्या बापासारखं करशील. तो इतकी वर्षं खाली मान घालून हसायचा. त्या दिवशी तो ताटावरून उठला, अण्णांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांचा उजवा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. आईनं बाहेर येऊन विचारलं, "काय झालं रे?" अण्णांनी भाकरी मागितली.

अण्णांनी तुम्हाला लिहायला घेतलं त्याला तीन आठवडे झाले. रोज ड्यूटीवरून आल्यावर दोन-तीन ओळी लिहीत. मी लिहून देऊ का विचारलं तर नको म्हणाले. त्यांचा कागद याच पाकिटात घालते आहे. मी वाचलेला नाही.

विजयश्री


(त्याच पाकिटातला दुसरा कागद, वहीच्या रेघांवर, मोठ्या तिरक्या अक्षरात)

आबाजीराव,

रामराम. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. गाड्यांचे नंबर लिहून लिहून आकडे बरे येतात, शब्द अजून वाकडे येतात.

पत्र वाचलं. तुमी उशाशी बसला होता तवा मी गप होतो कारण सावित्री दाराशी उभी असायची. तिला तुमच्याशिवाय माहेर नव्हतं. नंतर बोलायचं म्हटलं तर दिवस गेले. रोज काहीतरी लहान काम निघायचं.

काळा बिल्ला मीबी पाहिला होता. पाहून मशीनवर गेलो. तेवढं माझं.

मला एक कागद पाहिजे. कंपनीला द्यायचा नाही, ती कंपनी आता राहिली बी नाही. पोरासाठी पाहिजे. त्याच्यावर एवढंच लिहा की सात नंबरचं फाटक बंद पडलं होतं, आणि खाली तुमची सही आणि खरी तारीख. पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या. रंभावैनींना बी आणा. सावित्री रागावेल, रागावू द्या, जेवायला वाढेल.

आणखी एक. त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. स्ट्रेचरवर तुमचा हात धरून मी तुमाला तीन वेळा सांगितलं होतं, आबाजी, मी झोपलो नव्हतो. तुमी मान हलवली. पंधरा वर्षं मी मनाला सांगतोय की मशीनं चालू होती, तुमचे कान तवाच गेले होते, तुमाला ऐकू गेलं नसंल.

म्हणून आता लिहून देतो. मी झोपलो नव्हतो.

बबन